बाईचे दात

माझ्या वरच्या दातांचा ब्रिज निखळला, तेव्हा मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून एका प्रवासवर्णनाचे सत्तेचाळिसावे पान वाचत होतो. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून देण्याचे हे काम मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून करत आलो आहे. आता यंत्रे माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध वाचतात. तरी ते विद्यार्थी म्हणतात की देवतळे सर वाचतात तेव्हा मधेमधे श्वास ऐकू येतो, ते बरे वाटते. हे ते मनापासून म्हणतात की म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

सहा कृत्रिम दातांचा तो ब्रिज मी रुमालात गुंडाळला आणि वाक्य पुरे करायला गेलो. ‘समुद्र’ आणि ‘सूर्यास्त’ या दोन्ही शब्दांतून नुसती हवा गेली. काचेपलीकडच्या मुलीने मुद्रण थांबवले.

घरी केतकी म्हणाली, “बाबा, तोंडावरचा हात काढा. बघू तरी.”

मी हात काढला नाही. माझी मुलगी चव्वेचाळीस वर्षांची आहे, आणि तिने माझे खरे दात कधीच पाहिलेले नाहीत.

“सायकलवरून पडला होतात त्या वेळचाच ना हा ब्रिज?”

“हो.”

मी कधीही सायकलवरून पडलो नव्हतो. मला सायकल येतच नाही.

खरे असे होते. पांढरकवड्याच्या पुढे मोहदरा नावाचे आमचे गाव आहे. मोठ्या दुष्काळानंतर तिथे हातपंप बसले आणि लोकांना वाटले, पाण्याचा प्रश्न सुटला. जमिनीतून फार खोलवरून येणाऱ्या त्या पाण्यात फ्लोराइड होते. ज्या वयात मुलांचे दात हिरडीच्या आत घडत असतात, त्या वयात ते पोटात गेले की दाताचे वरचे कवच कच्चे राहते. दात बाहेर येतात तेच पिवळट, मग तपकिरी होतात, त्यांना खळगे पडतात. आमच्या गावच्या माणसाने तोंड उघडले की पंचक्रोशीत त्याचे गाव विचारावे लागत नसे. मुलींची लग्ने अडत. मी सव्विसाव्या वर्षी नागपुरात नोकरीला लागलो आणि पहिले काम केले ते वरचे सहा दात घासून त्यांवर कॅप बसवून घेण्याचे. पुढे ते दात गेले, त्या जागी ब्रिज आला. खालचे दात ओठाआड राहतात. दिसलेच तर चहाचे डाग म्हणून सांगायचे.

मी गाव लपवले, इतकेच सांगून थांबता आले असते तर बरे झाले असते.

डॉक्टर सलोनी बारापात्रे यांच्याकडे मी एकटाच गेलो. त्यांनी जबडा पाहिला आणि म्हणाल्या, “काका, हाड झिजलंय. स्क्रूचे दात धरणार नाहीत. कवळी बसवता येईल, पण ती हलणार. तुम्हाला तर वाचायचंय.” मग म्हणाल्या, “उगवलेले दात घ्याल का?”

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो. चुकले असेल तर दोष माझा. मोडलेले हाड जुळते, कारण हाड घडवणाऱ्या पेशी आयुष्यभर कामावर असतात. दाताचे तसे नाही. दाताचे पांढरे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच जगतात. काम संपले की त्या मरून जातात. म्हणून कवचाला पडलेला खळगा शरीराला भरता येत नाही. दाताचे मूळ आणि आतला गाभा प्रयोगशाळेत वाढवणे दहा वर्षांपूर्वीच जमले होते. अडत होते ते कवचापाशी. मग कोणाच्या तरी लक्षात आले की काही माणसांची अक्कलदाढ जन्मभर जबड्यातच आडवी पडून राहते, बाहेर येतच नाही. तिच्याभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात थोड्या कवच-पेशी झोपून असतात. त्यांना जागे करायचे, वाढवायचे, दाताच्या कोंबावर पसरायचे आणि कोंब हिरडीत रोवायचा. चार महिन्यांत दात येतो.

“तुमच्या अक्कलदाढा आहेत?”

“चाळिशीतच काढल्या.”

“मग सख्ख्या भावंडाच्या चालतील. पेशी परक्या असल्या तरी दात आला की त्या मरतातच. चार महिन्यांच्या पाहुण्या. तेवढ्यापुरतं औषध घ्यायचं. फक्त एक आहे, एका पडद्यातून सहाच दात निघतात. त्यानंतर पेशी म्हाताऱ्या होतात. कोण आहे तुम्हाला?”

“थोरली बहीण आहे,” मी म्हणालो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. “पण तिचे दात...”

 डॉक्टरांनी माझे खालचे दात पाहिलेच होते.

“पेशी बिघडलेल्या नसतात, काका,” त्या म्हणाल्या. “पाणी बिघडलेलं होतं.”

पार्बताबाईला मी वीस वर्षांत चार वेळा भेटलो असेन. ती आमच्या घरी मात्र केतकीच्या लग्नानंतर एकदाही आली नव्हती. दिवाणखान्यात त्या लग्नाचा फोटो आहे. सगळे हसत उभे आहेत आणि डाव्या टोकाला बाई पदराने तोंड झाकून उभी आहे. केतकीच्या सासरच्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो होतो, खेड्यातली आहे, लाजते.

पदराने तोंड झाकायला तिला मीच सांगितले होते. फोटोग्राफरने मंडळींना बोलावले तेव्हा मी बाईच्या कानाशी जाऊन म्हणालो, “तोंडावर पदर घे जरा. फोटोपुरता.” ती “हाव” म्हणाली. मग तिने तो दिवसभर काढला नाही. जेवतानासुद्धा पदराआडून जेवली. मी ते पाहत होतो, आणि आता काढ असे म्हणायला मला जमले नाही. हे मी कोणालाही सांगितलेले नव्हते.

केतकीने गाडीला पत्ता सांगितला आणि आम्ही मोहदऱ्याला गेलो. गाडी स्वतःच चालत होती, त्यामुळे केतकी सारा वेळ माझ्याकडे वळून बोलू शकत होती. मला ते अवघड जात होते.

बाईच्या अंगणापुढे तो हातपंप अजून उभा होता. पाणी पिऊ नये म्हणून सरकारी माणसांनी त्याला लाल रंग दिला होता, तोही आता उडाला होता. त्याला एक शेळी बांधली होती. बाई शहात्तर वर्षांची झाली होती. केतकीला पाहताच ती तोंडभर हसली. तपकिरी, झिजलेले, मधेमधे तुटलेले दात. मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि हात आपोआप पदराकडे गेला.

केतकी म्हणाली, “आत्या, आता तरी तंबाखू सोड गं. बघ दातांचं काय झालंय.”

हेही मीच सांगितलेले होते, केव्हातरी.

बाई माझ्याकडे बघत राहिली. “कोनता तंबाखू?” असे ती विचारील म्हणून मी शेळीकडे पाहू लागलो.

“हाव माय,” ती केतकीला म्हणाली. “सोडतो आता.”

चहा झाल्यावर मी विषय काढला. बोलताना माझा हात तोंडावर होता आणि शब्द फुसफुसत होते. बाईने सगळे ऐकून घेतले.

“अक्कलदाढ हाय ना,” ती म्हणाली. “पांढरकवड्याचा डाक्टर म्हने, आडवी झोपली हाय, उठवू नोका. आता तुह्यासाठी उठवतो. दुखन काय?”

“एक दिवस दुखेल.”

“मंग घे ना. पडूनच हाय थे तिथं. तशीबी मले अक्कल आली नाही, दाढ कायले पायजे.”

केतकी हसली. मीही हसलो, हाताआड.

पंधरा दिवसांनी बाई नागपूरला आली. केतकी आम्हाला बसस्थानकावरून थेट दवाखान्यात सोडून कचेरीत गेली. दाढ काढण्याआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या खालच्या दातांवर एक बारीक प्रकाश टाकला आणि त्यांचे आतले चित्र पडद्यावर आणले. झाडाच्या खोडात वर्षांच्या रेघा असतात तशा दाताच्या कवचातही असतात, रोज एक. बाईच्या दातात त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत गढूळ होत्या. माझ्याही होत्या, पण मधे एक पट्टा स्वच्छ पांढरा होता.

“ही गंमत बघा,” डॉक्टर म्हणाल्या. “काका दोन ते चार वर्षांचे असताना दुसरं पाणी पीत होते. गाव सोडलं होतं का तेव्हा?”

“नाही,” मी म्हणालो. “आम्ही तिथेच होतो.”

“थे झिऱ्याचं पानी,” बाई म्हणाली.

डॉक्टरांना झिरा माहीत नव्हता. मी सांगितले, नाल्याच्या वाळूत हाताने खड्डा करतात, त्यात पाणी झिरपते, ते वाटीवाटीने भरून घ्यायचे.

“याले पंपाचं पानी आवडे नाही,” बाई सांगू लागली. “तोंडात घे आन थुंकून दे. रडे. मंग मी नाल्यावर जाओ. एक गडू भरायले सकाळ जाये. गडूभरच निंघे, तं थो याचा. आमी पंपाचंच पेवो.”

“किती वर्षांच्या होतात तुम्ही?”

“असंन सात-आठची. मंग मले निंदायले लावलं, तं गडू सुटला.”

 डॉक्टरांनी पडद्यावरचा तो पांढरा पट्टा थोडा मोठा करून पाहिला. मला त्याच्याकडे पाहवेना.

हे ऐकल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो. पुढे जे घडले ते हे ऐकल्यानंतर, दहा मिनिटांत घडले.

पेशी देणाऱ्याच्या संमतीचा एक अर्ज असतो. पूर्वी तो यंत्र वाचून दाखवत असे. लोक यंत्राचा आवाज ऐकल्यासारखा करत आणि अंगठा देत. त्यावरून फार तक्रारी झाल्या. तेव्हा नियम बदलला. आता तो अर्ज देणाऱ्याच्या विश्वासातल्या माणसाने, त्याच्या बोलीत, इतर कोणी जवळ नसताना वाचून दाखवावा लागतो. डॉक्टरांनी तो कागद माझ्या हाती दिला. “तुमच्याहून चांगलं कोण वाचणार, काका,” असे म्हणून त्या बाहेर गेल्या.

बाईला अक्षरओळख नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली. लहानपणी मी शाळेतून आलो की तिला धडा वाचून दाखवत असे, तेव्हा ती अशीच बसे.

मी एक ते आठ कलमे वाचली, तिच्या बोलीत समजावून सांगितली. नववे कलम असे होते: ‘या पेशी देणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या दातांसाठीही वापरता येतात, त्या एकदाच मिळतात, आणि दुसऱ्याला दिल्यास स्वतःसाठी उरत नाहीत, हे देणाऱ्या व्यक्तीला समजले आहे.’

माझे डोळे त्या ओळीवर थांबले. किती वेळ, ते सांगता येत नाही. एका श्वासाइतका असेल. त्या श्वासात मी बरेच काही स्वतःला सांगितले. या वयात बाईला दातांचे काय. ती कोणाला वाचून दाखवणार आहे. अंध विद्यार्थी वाट पाहताहेत. स्वतःसाठी हवेत का असे तिला विचारले तर ती नाहीच म्हणेल, मग विचारायचे कशाला. आणि यातले काहीच खरे नाही हेही मला त्याच श्वासात ठाऊक होते. मला भीती वाटत होती की ती हो म्हणेल.

मी म्हणालो, “दहावे. औषधाने ताप आला तर दवाखान्यात कळवावे.”

“कळवू,” बाई म्हणाली. “झालं?”

“झाले.”

तिने अंगठा दिला. आयुष्यभर मी पुस्तके सांभाळली. पान फाडणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाबाहेर काढले. मी त्या दिवशी एक ओळ फाडली, आणि कागद मात्र जसाच्या तसा राहिला.

कोंब रोवल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो आणि आडून विचारले, की हे दात नंतर काढून दुसऱ्या कोणाला बसवता येतात का. “नाही हो,” त्या म्हणाल्या. “एकदा रुजले की ते तुमचेच. का?” मी म्हणालो, सहज.

चौथ्या महिन्यात ते आले. सहाही. लहान मुलाच्या दातांसारखी त्यांची कड किंचित दंतुर होती आणि रंग मोगऱ्याच्या कळीसारखा. केतकी म्हणाली, “बाबा, किती छान हसता तुम्ही, आम्हाला कधी कळलंच नाही.” ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ‘समुद्र’ पुन्हा नीट उच्चारता आला. सकाळी दाढी करताना मी आरशात फक्त हनुवटी पाहू लागलो.

अर्जाची प्रत मी कपाटात एका जाड शब्दकोशात ठेवली होती. तो शब्दकोश मी नंतर उघडला नाही. शब्द अडला तर फोनला विचारत असे.

दाढ काढलेली जागा तपासण्यासाठी बाईला परत बोलावले होते. तपासणी झाली आणि केतकीने तिला आग्रहाने आमच्या घरी जेवायला आणले. वीस वर्षांनी ती या घरात आली. तिने पिशवीतून अंगणातले पेरू काढले.

“तुह्यासाठी आनले,” ती मला म्हणाली. “आता चावता येईन तुले. चाव, मले पाहू दे.”

केतकीने पेरू धुऊन दिला. मी चावा घेतला. कच्चा, घट्ट पेरू होता. त्याचा कट्ट आवाज झाला. बाई पुढे झुकून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“पांढरेशुभ्र निंघाले,” ती म्हणाली. मग जशी काही हवापाण्याची चौकशी करावी तशी, तिने केतकीला विचारले, “माह्याच पेशी ना गं थ्या? म्हंजे खराब झाले नसते तं माहे दात असेच असते काय?”

“हो आत्या,” केतकी म्हणाली. “अगदी असेच.”

“असे असते काय,” बाई स्वतःशीच म्हणाली. तिने जिभेने आपले दात चाचपले. ओठ मिटलेले होते, पण गालाआडून जीभ फिरताना दिसत होती.

मी पेरू खाली ठेवला. मी उठलो, शब्दकोश काढला, त्यातला कागद घेऊन आलो आणि बाईसमोर बसलो.

“बाई, त्या दिवशी मी एक कलम वाचले नाही.”

“कोनतं?”

“नववे.”

“मंग आता वाच.”

मी वाचले. तिच्या बोलीत सांगितले.

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचले. केतकी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभी होती.

“म्हंजे माह्याच तोंडात बसवता येत होते.”

“हो.”

“चुकून राहिलं तुह्याकून?”

तिने माझ्यासाठी दार उघडून धरले होते. मी आत जाऊ शकलो असतो.

“नाही बाई. चुकून नाही.”

 मग केतकी म्हणाली, “बाबा, पण का?” आणि मला एकामागून एक सगळे सांगावे लागले. सायकलचे. पंपाच्या पाण्याचे आणि तंबाखूचे. शेवटी भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून पदराचे. सांगताना मी केतकीकडे पाहत नव्हतो. तिने पोळपाट खाली ठेवल्याचा आवाज मात्र ऐकला.

“आत्या,” ती म्हणाली, “तू लाजतेस असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले गं.”

“मी कायले लाजू,” बाई म्हणाली. “थो लाजला. मी पदर धरला.”

मला माफ कर म्हणायचे होते. पण म्हणायला तोंड उघडावे लागते, आणि तोंडात तिचे दात होते. माझा हात जुन्या सवयीने ओठांवर गेला.

“हात काढ,” बाई म्हणाली.

“बाई...”

“हात काढ म्हनतो ना. दात माहे हायत थे. मले पाहू दे.”

मी हात काढला. तिने खुर्ची ओढून घेतली, माझी हनुवटी पकडून तोंड उजेडाकडे वळवले आणि अंगठ्याने वरचा ओठ उचलला. बाजारात बैल घेताना दात पाहतात तसे तिने ते पाहिले, घाई न करता. एकेका दातावर बोट ठेवून मोजले. सहा झाले. मग पहिल्यापासून पुन्हा पाहिले. तिच्या बोटाला पेरूचा वास होता. ती रागावली होती की नाही, ते मला कळले नाही, अजूनही कळलेले नाही. ती त्यानंतर जेवली, भात परत मागून घेतला, आणि संध्याकाळच्या बसने गेली. मला ‘येतो’ म्हणाली नाही.

पण जेवणाआधी तिने केतकीला बोलावले.

“फोटो काढ,” ती म्हणाली. “माहा आन या दातायचा.”

तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, माझी हनुवटी सोडली नाही, आणि फोनकडे तोंड करून ओठ पूर्ण उघडले. ती हसत नव्हती. दाखवत होती.

तो फोटो आता जुन्या फोटोच्या जागी लावला आहे, केतकीनेच लावला. डावीकडे बाईचे तोंड आहे, उजवीकडे माझे उघडलेले तोंड. माझे डोळे मिटलेले आले आहेत. केतकी म्हणाली होती, बाबांचे डोळे मिटलेत, दुसरा काढते.

बाईने फोन हातात घेऊन पाहिला.

“राहू दे,” ती म्हणाली. “बराबर आला.”